अर्जियाची खुर्ची

अर्जियाबद्दल मी चांगलं बोलेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. एकोणतीस वर्षं मी इटलीतल्या आमच्या डोंगरावरच्या मोन्तेर्वोलोला येणाऱ्या पाहुण्यांना गाव दाखवते. त्यासाठी पेरुजाला जाऊन परीक्षा दिली, दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास होऊन गळ्यात बिल्ला घातला. कुठली कमान कुणी बांधली, कुठल्या भिंतीचा दगड कुठल्या खाणीतला, हे मला झोपेतून उठवून विचारा. अर्जियाला काय येतं? दारात खुर्ची टाकून बसता येतं.

आमची घरं एका गल्लीत, समोरासमोर. ती चौऱ्याऐंशीची. त्याच घरात जन्मली, लहानपणी खाली खोऱ्यात तंबाखू वाळवायच्या कामाला जायची, मग नाझ्झारेनो नावाच्या गवंड्याशी लग्न केलं. तो गेला, मुलगा जर्मनीत राहिला. तेव्हापासून एप्रिल ते ऑक्टोबर ती दाराबाहेर बसते, मांडीवर पाट घेऊन पिठाच्या जाड शेवया वळते आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारते. एवढंच तिचं चरित्र, आणि एवढ्यावर ती माझ्या डोक्यावर बसली होती.

पाहुण्यांची बस दहाला वेशीखाली लागते आणि चारला निघते. त्या सहा तासांत चढण, चर्च, जेवण, खरेदी, फोटो. माझ्या वाट्याला धड तासभरसुद्धा येत नाही. त्यातही आमच्या गल्लीच्या वळणावर मी तोंड उघडलं रे उघडलं की निम्मी माणसं अर्जियाभोवती गोळा.

"सोरा अर्जिया, माझं बोलणं चाललंय," मी म्हणायची. वयस्कर बाईला आमच्याकडे सोरा म्हणतात, म्हणून म्हणायचं.

"चालू दे की पोरी. मी कुठे अडवलंय? मी आपली पिठाशी बोलतेय."

आणि लगेच ती पिठाला सांगायला लागायची, की लग्नाआधी नाझ्झारेनो समोरच्या परांचीवर चढून काम करत होता, ती खिडकीत आली आणि त्याच्या हातून चुन्याची बादली सुटली. भिंतीवर तो डाग अजून आहे. चाळीस माणसं त्या डागाचे फोटो काढायची. तो डाग ओलीचा आहे. मी एकदा तसं सांगितलंसुद्धा, तर एक बाई माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मीच बादली सांडली.

मला तिचा हेवा वाटायचा. आडवळणाने कशाला सांगू, पोटात दुखायचं. गेल्या नोव्हेंबरात तर कहर झाला. क्रेमोनाहून आलेल्या एका पाहुण्याचं पोस्टकार्ड आलं. पत्ता काय, तर 'खुर्चीवरच्या आजी, मोन्तेर्वोलो'. आणि पोचलं. अर्जियाला चष्मा सापडेना म्हणून तिने ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. शेवटी एक ओळ होती, 'तुमच्याबरोबर ज्या गाइडबाई होत्या त्यांनाही नमस्कार.' माझ्याबरोबर ती नव्हे, तिच्याबरोबर मी. नावसुद्धा नाही.

फेब्रुवारीत मी नगरपालिकेला निनावी अर्ज टाकला. टाइप करून, खालच्या गावात जाऊन पेटीत टाकला. गल्ली अरुंद आहे, खुर्चीमुळे रुग्णवाहिका अडेल, असं लिहिलं. आमच्या गावात निनावी अर्ज करणाऱ्याला कुणी परत नमस्कार घालत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी टाकला.

आठवड्याभरात हवालदार फाउस्तो आला. मी खिडकीच्या झडपेआड उभी होते. त्याने बिचाऱ्याने ओशाळून अख्खा अर्ज तिला दारात वाचून दाखवला.

"कुणी लिहिलंय रे?" अर्जियाने विचारलं.

"सही नाही, सोरा अर्जिया. पण कायदा तोच आहे, मी काय करू?"

"तू काय करणार. खुर्ची उचलून आत ठेव, मला जड होते."

एवढंच. ना आरडाओरडा, ना शिव्याशाप. त्याचाही मला राग आला.

एप्रिलमध्ये पहिली बस आली. बेर्गामोच्या एका चर्चची अडतीस माणसं आणि त्यांचे पाद्री चेल्सो. मी सकाळी इस्त्रीचा कोट घातला. गल्ली मोकळी, वळणावरची माझी पाच मिनिटं आता माझीच होती. मी बोलायला लागले आणि अर्जियाचं दार उघडलं. अंगात चर्चला जायचा काळा कोट, हातात पर्स.

"ओर्नेल्ला, आता बसायला खुर्ची नाही, तर दिवस रिकामाच आहे. मी येऊ तुझ्याबरोबर? जन्म इथे गेला, पण गाव कधी बघितलं नाही."

"बघितलं नाही म्हणजे?" पाद्री चेल्सोंनी विचारलं.

"चर्च प्रार्थनेपुरतं, बाजार भाजीपुरता आणि स्मशान नवऱ्यापुरतं. तिकीट काढून कोण बघतं आपलंच गाव?"

अडतीस माणसं हसली आणि माझा दिवस गेला. कुणी तिला हात दिला, कुणी पाण्याची बाटली. चर्चमध्ये मी भित्तिचित्र समजावत होते आणि सगळे बघत होते अर्जियाच्या तोंडाकडे, तिला कसं वाटतंय म्हणून. खुर्ची हटवली तर बया चालायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग नगरभवनाचा मोठा दिवाणखाना. तिथे काचेखाली एक जुनी वही आहे. तिच्यापाशी आलं की मला विचार करावा लागत नाही, जीभ आपोआप चालते.

"हे तेराशे बेचाळीस सालचे नगरनियम. यात लिहिलंय, डुकरं मोकळी सोडू नयेत. खिडकीतून पाणी फेकण्याआधी तीनदा ओरडावं. आणि कुणीही गल्लीत बाक, खुर्ची वा पिंप ठेवून वाट अडवू नये..."

माणसं हसली. माझी चालती जीभ तिथेच थांबली. कारण नुसत्या रुग्णवाहिकेवर माझं समाधान झालं नव्हतं. आपल्याला किती माहीत आहे हे दाखवल्याशिवाय मला निनावी अर्जसुद्धा लिहिता आला नव्हता. तेराशे बेचाळीस, बाक, खुर्ची, पिंप, सगळं त्यात होतं आणि फाउस्तोने तिला ते शब्द न शब्द वाचून दाखवलं होतं.

अर्जिया काचेवर वाकली होती. ती सावकाश सरळ झाली.

"पिंपसुद्धा?" तिने मला विचारलं.

"हो. पिंपसुद्धा."

तिने मान डोलावली. आता ही सगळ्यांसमोर बोलणार, असं मला वाटलं. तेवढ्यात पाद्री म्हणाले, "आजी, तुमच्या लहानपणी इथे काय होतं? तुम्ही सांगा ना काहीतरी."

"मी आज ऐकायला आलेय," अर्जिया म्हणाली. "बाईंना बोलू द्या. त्या शिकल्यात त्याचं."

आणि ती खिडकीतल्या दगडी बाकावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती बघते म्हणून सगळेच बघायला लागले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा अख्खा गट माझं ऐकत होता. कुणी हललं नाही, कुणी फोन काढला नाही. मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही. कधी एकदा चार वाजतात असं झालं होतं.

बस गेल्यावर आम्ही दोघी गल्ली चढून आलो. दाराशी तिने दम घेतला.

"चांगलं सांगतेस. मला यातलं काही माहीत नव्हतं."

मी किल्ली शोधत राहिले.

"पण ओर्नेल्ला, त्यासाठी तेराशे बेचाळीसपर्यंत कशाला जायचं? समोर तर राहतेस. दार वाजवून म्हणायचंस, अर्जिया, माझी माणसं येतात तेव्हा जरा आत बसत जा. बसले असते की."

"गावात सांगणार का?" मला एवढंच सुचलं.

"सांगून काय करू? या गल्लीत आता दोनच दारं उघडतात. तू दार लावून घेतलंस तर मी बोलू कुणाशी?"

ती आत गेली. मीही आत आले आणि कोट न काढता तशीच बसले. तिच्या जागी मी असते तर रात्रीच्या जेवणाआधी गावभर केलं असतं. आजवर तिचं जे जे माझ्या डोळ्यांत खुपलं, ते सगळं किरकोळ होतं. दारात उभी राहून ती जे बोलली त्याचा मला खरा हेवा वाटला, आणि ते काही नगरपालिकेला अर्ज करून आत ठेववता येण्यासारखं नव्हतं.