तोरण्याआडचं ऊन

आमच्या वेल्ह्यात सूर्य लवकर मावळतो. तो तोरण्याआड गेला की गावावर सावली पसरते, पण तिकडे समुद्रावर ऊन असतं. हे मला वडिलांनी एका संध्याकाळी सांगितलं, आणि ती संध्याकाळ अजून माझ्या डोळ्यांपुढे तरंगते.

वडील नौदलात होते. त्यांच्या जहाजावर आईचा जुना राग. 'माझी सवत' म्हणायची ती त्याला. वडील मात्र जहाजाचं नाव कधी नुसतं घेत नसत, आधी 'आयएनएस' लावत. जहाज बांधून झालं म्हणून ही अक्षरं मिळत नाहीत. ते सेवेत दाखल होऊन निशाण चढलं की मिळतात. सेवा संपली की सूर्यास्ताला निशाण उतरतं आणि अक्षरंही जातात. धरणातल्या एका होडीवर कुणी हौसेनं ही अक्षरं रंगवली, तर वडिलांनी स्वतः रॉकेल नेऊन पुसून काढली. असले हट्टी!

त्या दिवशी मुंबईत त्यांच्या जहाजाला सेवेतून निरोप होता. जुन्या खलाशांना बोलावणं होतं, पण गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे वडिलांना जाता आलं नाही. दुपारपासून ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आईनं ठेवलेला चहा तसाच निवला. मला फार वाईट वाटत होतं.

अंगणात सावली आली तशी मी म्हणाले, "आबा, उतरलं असंल निशाण."

"न्हाई. तिथं अजून ऊन हाय. अजून आयएनएसच हाय ते."

मग आम्ही तिघं अंगणातच बसून राहिलो. आभाळ केशरी झालं, मग जांभळं. गुरं परतली. एसटी आली, वळली, गेली. आमचं अंगणच पाण्यावर हलकं डोलतंय असं मला वाटत राहिलं. ते ऊन तिकडे तसंच राहावं, असंही वाटलं.

शेवटी वडील उठायला गेले. जमेना, तेव्हा बसूनच त्यांनी सॅल्यूट केला आणि आयुष्यात पहिल्यांदा जहाजाचं नाव नुसतं घेतलं.

आई खेकसली, "असं बोडकं नाव काय घेताय? तुमी रिटायर झाला, म्हून म्या तुमास्नी अहो म्हणायचं सोडलं व्हय?"

वडील तिच्याकडे वळले. मग नियम मोडून, हळूच, त्यांनी 'आयएनएस' लावून पूर्ण नाव घेतलं.

आईनं निवलेला चहा गरम करायला उचलला.