तालुकदार चाचा वेळेवर आले

आमच्या केंदुआत सभा म्हटली की माईक माझा आणि प्रधान अतिथी आफसार तालुकदार, हे ठरलेलं. तालुकदार चाचा तागाच्या सरकारी गोदामातल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि तेव्हापासून प्रधान अतिथी होणं हाच त्यांचा उद्योग. बक्षीस समारंभ असो की गुरांना लस टोचायचा मेळावा, चाचा तासभर उशिरा पोचायचे. "लालचान," ते मला सांगायचे, "वेळेवर येतो तो श्रोता. प्रधान अतिथीची वाट बघावी लागते."

दोन हजार नऊच्या जूनमध्ये सरकारनं अख्ख्या बांगलादेशची घड्याळं एक तास पुढे केली. उजेडात कामं उरकायची आणि वीज वाचवायची म्हणे. आमच्याकडे ती आली तर वाचणार ना! बाजारानं या प्रकाराला ‘डिजिटल टाईम’ असं नाव ठेवलं आणि दुकानं जुन्याच वेळेला उघडली. चाचांनी मात्र त्याच रात्री घड्याळ पुढे केलं. हाडाचा सरकारी माणूस.

"मग तुमच्या घड्याळालाच जेवायला वाढते," रौशन चाची म्हणाल्या. "भात तासाभरानं होईल."

जुलैत हायस्कूलमध्ये झाडं लावायचा कार्यक्रम होता. पत्रिकेवर वेळ तीनची. कुठले तीन, ते कुणी लिहिलं नव्हतं. शाळा अजून जुन्या वेळेनं चालली होती. चाचा सवयीप्रमाणे आपल्या घड्याळात चार वाजता आले, म्हणजे शाळेच्या घड्याळात ठोक तीनला. काळा कोट, अत्तराचा घमघमाट. मैदानात मी बांबूवर भोंगा बांधत होतो आणि एक बकरी लावायची रोपं खात होती. बाकी कुणी नाही.

"चाचा! तुम्ही चक्क वेळेवर आलात!" मी आनंदानं ओरडलो. माईक चालू होता. ही बातमी बाजाराच्या पार टोकापर्यंत गेली.

"बंद कर ते, गाढवा!" म्हणत चाचा मागे वळले, तर रिक्षा निघून गेलेली. मग ते तळ्यामागच्या फणसाआड जाऊन उभे राहिले. हेडसरांनी त्यांना तिथं गाठलंच.

"साहेब, इतक्या लवकर? घरी सगळं ठीक आहे ना?"

त्या दिवशी चाचांच्या भाषणाचा रुबाब ते सुरू होण्याआधीच संपला. चहाच्या टपरीवर लोक म्हणाले, "म्हाताऱ्याला आता कुणी बोलावत नाही वाटतं. आधीच येऊन बसतो."

चाचांनी हे मनाला लावून घेतलं. ईदनंतर फुटबॉलचा अंतिम सामना होता. या वेळी आपल्या घड्याळानं दोन तास उशिरा जायचं, असं त्यांनी ठरवलं. पण मधल्या काळात वरून दटावणी आली आणि शाळेनं मुकाट्यानं नवी वेळ धरली. चाचा पोचले तेव्हा गोलपोस्टची जाळी सोडत होते.

"कप कुणी दिला?" त्यांनी मला विचारलं.

"हेलाल मियांनी." हेलाल म्हणजे खताचा दुकानदार. बिचारा नुसता सामना बघायला आला होता. "हेडसरांनी ओढूनच नेलं त्यांना."

"कपडे काय होते?"

"लुंगी."

"लुंगीवर कप दिला?"

"इस्त्रीची होती, चाचा."

चाचा खाली गवतावर बसले. त्यांना मी पहिल्यांदाच खुर्चीशिवाय बसलेलं पाहिलं.

डिसेंबरात पोरं काळोखात, धुक्यात शाळेला निघू लागली, आयाबाया ओरडायला लागल्या, आणि वर्ष संपताना सरकारनं घड्याळं मुकाट मागे घेतली. चाचांचा तास परत मिळाला, खुर्ची मिळाली नाही. हेलाल मियांना तोवर हारांची गोडी लागली होती. जानेवारीतल्या क्रीडास्पर्धेच्या पत्रिकेवर प्रधान अतिथी हेलाल आणि चाचा खाली, विशेष अतिथी.

मला वाटलं, चाचा पत्रिका फाडतील. पण ते माझ्या माईकच्या दुकानात आले आणि हळूच म्हणाले, "लालचान, विशेष अतिथीनं किती उशीर करायचा असतो?"

"अर्धा तास पुरे, चाचा."

ते अर्ध्या तासानं आले. हेलाल मियांचा पत्ता नव्हता. तेही आता शिकले होते. व्यासपीठावर चाचा एकटेच. पोरं चुळबुळ करायला लागली तेव्हा हेडसरांनी नाइलाजानं माईक त्यांच्या हातात दिला. "दोन शब्द बोला, साहेब. ते येईपर्यंत."

हेलाल मिया नवा कोट घालून आले तेव्हा चाचा तागाच्या इतिहासात शिरले होते. कुणी उठलं नाही, हार कुठे ठेवलाय ते कुणाला आठवेना. चाचांनी त्यांना पाहिलं, हसून कडेची खुर्ची दाखवली आणि माईकवरूनच म्हणाले, "या, या, हेलाल, बसा. थोडंच राहिलंय."

आणि त्यांनी चष्मा पुसून पुढचा मुद्दा घेतला.