मशीनला पाजलेलं गोडं पाणी

परवा पालघरला बाईकच्या तापलेल्या सायलेन्सरवर चिखल उडाला, करपट वास आला आणि मी मनाने थेट काकाच्या दातिवऱ्याला पोचलो, नव्वदच्या आसपासच्या एका मे महिन्यात.

काकाने भर ओहोटीत होडी उथळ खाडीतून घातली होती. मागे टांगलेल्या मशीनने, म्हणजे इंजिनाने, पाण्याबरोबर गाळ ओढला. मशीन थंड ठेवून बाहेर पडणारी पाण्याची धार बंद झाली आणि ते चुलीसारखं तापलं. जळलं असतं तर काकाची मासेमारीच बुडाली असती.

निवल्यावर आम्ही मशीन पिंपात उभं केलं. गाळ धुवायला गोडं पाणी हवं, आणि जवळची विहीर तर आटलेली. काकीने पहाटे लांबून आणलेले हंडे सरळ पिंपात ओतले.

"अगो, प्यायला काय ठेवलंस?" काका ओरडला.

"आधी त्याला पाजा. आपन सांजेला पिऊ!"

काकाने धारेच्या भोकात तार फिरवली, मशीन चालू करायची दोरी ओढली. मशीन खोकलं. मीही हुबेहूब तसाच खोकलो.

"गप रे माकडा, दोन दोन मशीनं कुठं सांभालू?" काकी म्हणाली.

आधी काळं पाणी गळलं, मग स्वच्छ धार उडाली. काकीने खाली हात धरला. "कोमटच हाय, तापत नाय. वाचलं!"

त्या मशीनवर काकाचं घर चाललं, माझं शिक्षणही. त्या खोकण्याची नक्कल मी अजून करतो, लोक पोट धरून हसतात. पण घसा कोरडा असताना भरला हंडा ओतणारी काकी काही मला जमत नाही.