लाल चष्म्याचे डॉक्टर

"आधी पाहू, मंग बोलू," असं म्हणत आमच्या शेजारचे डॉक्टर भर दुपारी लाल काचांचा चष्मा चढवून ओसरीवर बसत. अमरावतीत नवा आलेला माणूस, यांचे डोळे आलेत असं समजून, चार हात लांबून जाई. क्ष-किरणांच्या पडद्यावरचं अंधुक चित्र दिसायला डोळ्यांना आधी अंधाराची सवय लावावी लागते, हे ते किती जणांना सांगणार? जेवणही चष्म्यासकटच. "यातून तिखट दिसत नाई, म्हणून खाल्लं जाते," असं बायकोला सांगत.

माझी धाकटी बहीण कुसुम अकोल्याला दिलेली. जिना चढली की तिला धाप लागे, छाती धडधडे. एक दिवस तिचे वकील सासरे तिला माहेरी घेऊन आले आणि ओसरीवरूनच म्हणाले, "पोरीत खोट होती, तुमी लपवली. ठेवा आता तुमच्याजवळ." माझं डोकं फिरलं, पण आम्ही पडलो मुलीकडचे, बोलणार काय!

डॉक्टरांनी शेजारून ऐकलं. येऊन कुसुमची नाडी धरली आणि दुसऱ्या हाताने खांबावर बोटं वाजवू लागले. ठेका काही केल्या बसेना. दोन ठोके घाईने येत, मग एक गायबच.

"वकीलसाहेब, पुराव्याशिवाय कावून बोलता? आधी पाहू, मंग बोलू." असं म्हणून त्यांनी दुसरा लाल चष्मा वकिलांच्या नाकावर चढवला. दोघं अर्धा तास शेजारी शेजारी बसले होते. तशा प्रसंगातही हसू दाबता दाबता आमची पुरेवाट झाली.

मग अंधाऱ्या खोलीत कुसुमला दाट पांढरं औषध पाजलं. पडद्यावर ते अन्ननलिकेतून उतरताना हृदयामागे वाकलं.

"सरळ उतराले पायजे होतं," डॉक्टर म्हणाले. "हृदयाची झडप उघडून नाही राहिली. रक्त अडते, मांगचा कप्पा फुगते, नळीले रेटते. फुगला का त्याचा ताल सुटते, म्हणून ठोका चुकते. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्याची ही करणी. यात कोणी काय लपवलं?"

वकिलांनी कुसुमच्या हातातला औषधाचा पेला घेऊन खाली ठेवला. मग म्हणाले, "चाल बेटा. मुंबईले नेतो तुले."

तिथे शस्त्रक्रिया करून झडप मोकळी केली. ठोका अधूनमधून चुकायचाच, पण कुसुम सासरी नांदली. कोणाचाही पाणउतारा न करता माणसाला वळवणारा असा दुसरा माणूस मी पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर भाग्यवान आहात.

डॉक्टर गेले तेव्हा कुसुम अकोल्याहून आली. पूर्वी रडूही तिला झेपत नसे, श्वास अडायचा. म्हणून ती हुंदका गिळायची. त्या दिवशी त्यांच्या पायाशी बसून ती मोकळ्या गळ्याने रडली. मी सवयीने पाण्याचा तांब्या घेऊन धावलो. तिला धाप लागली नव्हती.