त्या दोघींचं भांडण

त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की वाचणारा पहिलं विचारतो, मग यात बरोबर कोण? याचं उत्तर देण्याचा मला अधिकार नाही. ज्यांचा तो देश आहे त्या दोघी आमच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं याच प्रश्नावर भांडतात आणि अजून निकाल लागलेला नाही.

मी इंग्लंडमध्ये वॉटफर्डला एका दातांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे. दवाखाना माझा नाही. त्या दोघी तिथे नर्स आहेत. थोरली साठीला आलेली, त्यांच्या राजधानीतली. धाकटी पस्तिशीची, बंदराच्या गावची. दोघी ल्यूटनला एकाच गल्लीत राहतात. दोघींत मिळून एक जुनी गाडी घेतली आहे आणि रोज तिच्यातूनच येतात. धाकटी रस्ता सांगते, थोरली चालवते आणि तिचं एक ऐकत नाही.

त्यांच्या देशात दोन सेनापती एकमेकांशी लढताहेत. थोरलीचं घर त्यातल्या एकाच्या सैनिकांनी लुटलं, दारं-खिडक्यांच्या चौकटीसुद्धा सोडल्या नाहीत. धाकटीचा भाऊ त्याच सैन्यात आहे. आता बोला.

दुपारच्या सुट्टीत मायक्रोवेव्ह सुरू झाला की यांचंही सुरू व्हायचं. थोरली म्हणायची, एका श्रीमंत देशाला आमचं बंदर हवं होतं, त्यानं सीमेवरच्या शिपायांना, पुढे आमचं घर लुटणाऱ्या त्याच सैन्याला, ट्रक दिले, बंदुका दिल्या, तिथूनच सगळं नासलं. धाकटी म्हणायची, ट्रक आले कारण त्याआधी दुसऱ्या देशानं समोरच्या लष्कराला विमानं दिली होती. आधी विमानं की आधी ट्रक, यावर टेबल आपटलं जायचं. मी समोर असले की मला कळावं म्हणून दोघी मध्येच इंग्रजीवर यायच्या आणि त्याच पट्टीत ओरडायच्या. सुट्टी संपली की थोरली उठून धाकटीच्या प्लास्टिकच्या एप्रनची मागची गाठ बांधून द्यायची. बांधतानाही तोंड चालूच असायचं.

मला यात काही वावगं वाटलं नाही. नागपूरला आमच्या घरी माझे वडील आणि काका पानिपतावरून भांडायचे. एवढे बाजारबुणगे बरोबर नेलेच कशाला, यावरून काका एकदा भरल्या ताटावरून उठले होते. हात धुऊन आले आणि पुन्हा बसले, कारण श्रीखंड राहिलं होतं. आपल्या माणसांचा घात कुठे झाला हे शोधत बसायची ती एक रीत असते. त्यासाठी समोर तितकाच हट्टी माणूस लागतो, आणि तो परका असून चालत नाही.

मग आमच्याकडे नवी मॅनेजर आली. बाई वाईट नव्हती, पण तिच्या मते आवाज चढला की तो कॉन्फ्लिक्ट. वेटिंग रूममधल्या एका पेशंटनं “आत सगळं ठीक आहे ना?” असं विचारल्याचं तिला निमित्त मिळालं. तिचं आणि दवाखान्याच्या मालक डॉक्टरांचं आधीच वाकडं होतं. तिला शनिवारी दवाखाना उघडा हवा होता, त्यांना नको होता. नर्सेस ज्याच्या बाजूला, त्याचं चालणार हे उघड होतं.

तिनं धाकटीला जवळ केलं. तिला लीड नर्स केलं, औषधांच्या खोलीच्या किल्ल्या दिल्या. हे बघून मालकांनी थोरलीला मागच्या बाजूची पार्किंगची जागा दिली आणि शनिवारी तुला कुणी बोलावणार नाही असा शब्द दिला. भांडण टळावं म्हणून दोघींच्या वेळा वेगळ्या झाल्या. गाडी एक, वेळा दोन, मग धाकटी बसनं यायला लागली. धाकटीला मॅनेजरनं आणि थोरलीला मालकांनी बाजूला घेऊन सांगितलं की तिचा काही त्रास झाला तर आधी मला सांग. तक्रार ऐकायला कुणी कान लावून बसलं की तक्रारी आपोआप उगवतात. तशा त्या उगवल्या.

थोरली आजवर घराबद्दल बोलताना “त्यांनी लुटलं” म्हणायची. एका दुपारी ती मला म्हणाली, “हिच्या भावानं लुटलं.” धाकटी दारातच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि एप्रनचे बंद तसेच लोंबत ठेवून कामाला गेली. इतकी वर्षं टेबलं आपटून त्यांनी जे एक वाक्य अडवून धरलं होतं, ते आम्ही त्यांच्याकडून महिन्याभरात काढून घेतलं.

मॅनेजर खूष होती. “सी, हाऊ पीसफुल इट इज नाऊ,” ती म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, या भांडत होत्या तेव्हा बरं चाललं होतं, आता बिघडलंय. ती म्हणाली, पण दोघीही स्वतःहून माझ्याकडे आणि मालकांकडे आल्या. तिला काय सांगणार! घरच्या भांडणात फौज मागायला इंग्रजांच्या दारात गेलेला पेशव्यांचा काका आम्हाला चौथीपासून शिकवलाय. तोही स्वतःहूनच गेला होता. फौज आली आणि मग ती काही केल्या जाईना.

शेवटी बाहेरून एक मध्यस्थ बोलावला. वरच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या, बिस्किटं ठेवली. नेहमी जवळ असते म्हणून मलाही बसवलं. दोघी समोरासमोर बसून जमिनीकडे बघत होत्या. मध्यस्थानं अगदी मऊ आवाजात विचारलं, “हे नेमकं सुरू कुणी केलं?”

धाकटीच्या वतीनं मॅनेजरनं उत्तर दिलं. लगेच थोरलीच्या वतीनं मालक बोलले. मग ती त्यांना काही म्हणाली, ते तिला काही म्हणाले, आणि बघता बघता शनिवारचा विषय निघाला. मध्यस्थ बिचारा मान इकडून तिकडे फिरवत होता. तेव्हा कितीतरी दिवसांनी त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

थोरली उठली. पार्किंगचं कार्ड तिनं बिस्किटांच्या शेजारी ठेवलं.

“आमच्याकडेही असंच झालं,” ती म्हणाली. “आधी भेटवस्तू आल्या. मग हा प्रश्न विचारायला बाहेरून माणसं आली. तुमचं दोघांचं काय ते शनिवारचं तुम्ही बघा. आमचं भांडण वेगळं आहे आणि ते आमचं आहे. ते आम्हाला परत द्या.”

धाकटीनं किल्ल्या काढल्या, पण हातातच धरून ठेवल्या. ती थोरलीशी इंग्रजीतच बोलली, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून असेल.

“तुमच्या घरी माझा भाऊ होता की नाही, मला माहीत नाही. मी त्याला विचारलेलं नाही. मला भीती वाटते.”

“मग विचार,” थोरली म्हणाली. “काय असेल ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. यांच्याकडून नाही.”

धाकटीनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

मी टाळ्या वाजवणार होते, पण मध्यस्थाचा चेहरा बघून बिस्किट खाल्लं. वेळा पुन्हा एक झाल्या, कारण त्या दोघी एकाच गाडीतून एकाच वेळी येऊ लागल्या आणि त्यांना परत कोण पाठवणार? शनिवारचं अजून ठरलेलं नाही. धाकटीनं भावाला फोन केला. तो काय म्हणाला ते तिनं थोरलीला गाडीत सांगितलं. त्या दिवशी दोघी उशिरा आल्या आणि दोघींचे डोळे सुजलेले होते. काय सांगितलं ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

काही दिवस स्टाफरूममध्ये नुसता मायक्रोवेव्हचाच आवाज होता. मी धास्तावले होते. मग एका दुपारी डबा उघडता उघडता धाकटी पुटपुटली की विमानं तर आधीच आली होती. थोरलीनं टेबलावर हात आपटला. दोघींचे आवाज बाहेर वेटिंग रूमपर्यंत जायला लागले. सुट्टी संपत आली तशी थोरली उठली आणि धाकटीच्या मागे जाऊन एप्रनचे बंद ओढून घट्ट गाठ मारू लागली. तोंड चालूच होतं. इतकं ऐकून ऐकून माझंही आता एक मत झालं होतं, आणि ते फार पक्कं होतं. ते सांगायला मी तोंड उघडलं.

“तू गप्प बस,” दोघी एकदम म्हणाल्या.

मी गप्प बसले.