मोठ्याने लाजणारे साडू

आमच्या साडूंइतका मोठ्याने लाजणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. लाजरी माणसं साधारणपणे हळू बोलतात, खाली बघतात, विषय बदलतात. साडूही खाली बघायचे, विषयही बदलायचे, पण हे सगळं अशा खणखणीत आवाजात चालायचं की आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले तमिळ गृहस्थ काय झालं म्हणून खिडकी उघडायचे. मी सांगतोय तेव्हा ते माझे साडू व्हायचे होते. माझ्या बायकोची धाकटी बहीण मिरजेला, तिचं ह्यांच्याशी ठरलेलं, आणि तिची बी.एड.ची परीक्षा झाली की लग्न असा बेत. मी सरकारी नोकर, दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये राहणारा. ते नोएडात, नव्याने निघालेल्या रंगीत टीव्हीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. साखरपुडा आणि लग्न ह्यांच्या मधल्या महिन्यांत त्या दोघांचं जे काही प्रेम झालं, ते आमच्या मार्केटातल्या एसटीडी बूथमध्ये, माझ्या डोळ्यांदेखत आणि बरेचदा माझ्या पायावर उभं राहून झालं.

ह्याला कारण आमचे सासरे. आप्पा निवृत्त हेडमास्तर आणि स्वतःच्या मते अतिशय पुरोगामी. वर्षानुवर्षं वाट पाहून त्यांच्याकडे नुकताच टेलिफोन आला होता आणि तो विणलेला रुमाल पांघरून दिवाणखान्यात स्टुलावर बसलेला असे. त्यांनी मला कळवलं, "काळ बदललाय जावईबापू. मुलानं लग्नाआधी फोनवर बोलायला आमची काहीच हरकत नाही. मात्र एकट्यानं नको, बरं दिसत नाही. तुम्ही सोबत असा." सोबत म्हणजे बूथच्या बाहेर असाही अर्थ काढता आला असता. पण साडूंनी आज्ञा शब्दशः पाळायची ठरवली होती. दर रविवारी ते मला हाताला धरून केबिनमध्ये घेत आणि काचेचं दार लावून घेत. ती केबिन एका किडकिडीत माणसाच्या हिशेबाने बनवलेली. साडू सहा फूट, आणि माझ्या पोटावर मंत्रालयाच्या कँटीनची कृपा. वरचा एवढासा पंखा आमच्या घामाचा वास तेवढा सारखा वाटून द्यायचा. रिसीव्हर साडूंच्या कानाला आणि माझा कान रिसीव्हरला, दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती. त्यामुळे ह्या प्रेमप्रकरणाची दोन्ही टोकं मला ऐकू यायची.

पलीकडचं टोक फारसं ऐकण्यासारखं नसे म्हणा. तिकडे फोनशेजारी खुर्चीत आप्पा, स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई, आणि मुक्कामाला आलेल्या एक आत्या. त्या दरबारात उभी राहून बिचारी मेव्हणी दोनच शब्द बोलायची, "हो" आणि "बरं". साडू त्या दोन शब्दांवर आठवडा काढायचे. आजचा 'हो' जरा लांब होता का, 'बरं' म्हणताना हसल्यासारखी वाटली का, ह्याची चर्चा बूथपासून बस स्टॉपपर्यंत चालायची, आणि मला दोन्ही 'बरं' अगदी सारखेच ऐकू आले असं म्हटलं की ते दुखावले जायचे.

फोनला येताना ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, पावडर लावून येत. एकदा तर टाय बांधून आले. मी म्हटलं, "अहो, फोनवर दिसत नाही."

"दिसत नाही दादा, पण कळतं," ते म्हणाले, आणि केबिनच्या काचेत बघून पुन्हा भांग पाडला.

पलीकडे आप्पांनी फोन उचलला की हे "नमस्कार करतो!" असं गरजून खरोखरच वाकायचे आणि कपाळ काचेवर आपटून घ्यायचे. तिसऱ्या-चौथ्या नमस्कारानंतर बूथवाल्याने त्या जागी स्पंजचा तुकडा चिकटवला. नोएडात बूथ नव्हते अशातला भाग नाही, चांगले कोपऱ्याकोपऱ्यावर होते. पण साडूंचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. "नोएडा पडतं यूपीत," ते मला समजावून सांगत. "तिथला फोन आधी लखनौला विचारणार, मग महाराष्ट्रात जाणार. इथून कसा डायरेक्ट." इंजिनिअर माणूस हे बोलतो म्हटल्यावर मी तरी काय वाद घालणार! दोन बस बदलून ते यायचे, आणि इतकं करून रांगेत त्यांचा नंबर आला की मागच्याला म्हणायचे, "आप कर लीजिए." मग त्याच्या मागच्याला, "आप भी कर लीजिए." धीर गोळा होईपर्यंत अख्खी रांग संपून दुसरी तयार व्हायची. चंदीगडला मुलीकडे फोन करायला येणारे एक पंजाबी आजोबा आम्हांला ओळखून होते. ते आता रांगेत उभेच राहत नसत, सरळ साडूंच्या पुढे जाऊन बोलून येत.

आता इतक्या खटाटोपाने लागलेल्या फोनवर माणसाने काहीतरी गोड बोलावं की नाही? साडू काय सांगायचे, तर दिल्लीची निंदा. मे महिन्यात नळाला चहाचं पाणी येतं. थंडीत कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. बसमध्ये बायकांना फार त्रास. आपलं कुणी बोलायला नाही, मराठी पेपर मिळतो तो शिळा. हे सगळं, मिरज लांब आहे म्हणून, गर्जना करून. दिल्लीच्या कडेला द्वारकेत नव्या सोसायट्या निघत होत्या, त्यातल्या एकीचे ते सभासद झाले होते. एका रविवारी मला जागा दाखवायला घेऊन गेले. चहूकडे माळ, विमानं डोक्यावरून चाललेली, आणि साडू हातवारे करून हा जिना, हा आमचा फ्लॅट असं दाखवतायत. जिथे त्यांचा हॉल होणार होता तिथे एक म्हैस निवांत रवंथ करत बसली होती. मला वाटलं, चला, आज फोनवर सांगायला काहीतरी चांगलं मिळालं. साडूंनी पलीकडे काय सांगावं? "घर पाहून आलो! हॉलमध्ये सध्या म्हैस आहे! बेडरूममध्ये बाभळी आहेत! पाण्याचं अजून काही खरं नाही!"

"बरं," पलीकडून आवाज आला.

मी कोपराने ढोसत होतो, पण त्या गर्दीत ढोसणं आणि नुसतं उभं राहणं ह्यात फरक करता येत नव्हता. बायकोला येऊन सांगितलं, "तुझ्या बहिणीच्या नशिबी एक ध्यान आलंय." तिचंही मत फारसं वेगळं नव्हतं.

मग एका रविवारी आप्पा फोनवर म्हणाले की उद्या पत्रिका छापायला देतोय, आणि धाकटीला बोलवतो म्हणून रिसीव्हर ठेवून आत गेले. साडूंनी चक्क फोन कट केला. केबिनमधून बाहेर येऊन ते मार्केटातल्या कट्ट्यावर बसले. टाय नव्हता, तरी गळ्याशी हात नेऊन काहीतरी सैल करत होते. मग आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "दादा, तिला कुणी विचारलंय का?"

"काय?"

"तिला यायचंय का म्हणून. मला 'हो' सांगितलं ते तुमच्या सासऱ्यांनी. ती मान खाली घालून बसली होती. मी म्हटलं, दिल्लीचं सगळं वाईट-वाईट सांगून टाकावं. नको असेल तर निदान कुरकुर तरी करेल. पण ती 'बरं' म्हणते हो! म्हशीलासुद्धा 'बरं' म्हणाली. आता पत्रिका छापल्या की तिला नाही म्हणता येणार नाही. आज नको म्हणाली तर मी माझ्याकडून मोडतो. माझ्यातच खोट आहे म्हणेन. तिचं नाव कुठे येणार नाही."

इतके रविवार मी ज्यांना खुळे समजत होतो ते हे गृहस्थ! मला खरं सांगायचं तर भडभडून आलं. मी म्हटलं, "चला, विचारा. मी बाहेर थांबतो."

"नको, तुम्ही आत या," ते म्हणाले. "एकट्याला भीती वाटते."

पुन्हा आम्ही दोघं आत. पुन्हा नंबर फिरवला. ह्या वेळी मेव्हणीनेच उचलला. साडूंनी डोळे मिटले. त्यांचा बेत साधा होता. प्रश्न आपण विचारायचा, तो फक्त तिलाच ऐकू जाईल, तिने 'हो' म्हटलं तर हो आणि 'बरं' म्हटलं तर नाही. बेतात एकच उणीव होती, ती म्हणजे साडूंचा आवाज.

"तुम्हांला दिल्लीला यायचंय का? माझ्याशी लग्न करायचंय का? खरं सांगा! नको असेल तर 'बरं' म्हणा, मी माझ्याकडून मोडतो!"

बाहेरची रांग गप्प झाली. आणि मला स्पष्ट ऐकू आलं की मिरजेचा दिवाणखानाही गप्प झाला. मग लांबून आत्यांचा आवाज आला, "अगंबाई, हे काय विचारतायत?" आप्पांची खुर्ची करकरली. साडूंच्या कानशिलावरून घाम माझ्या शर्टावर ओघळत होता. 'हो'ही नाही, 'बरं'ही नाही. मी मनात म्हटलं, गेलं हे लग्न.

"मला हे कुणी विचारलंच नव्हतं," मेव्हणी म्हणाली. तिचं इतकं लांब वाक्य मी त्या फोनवर पहिल्यांदाच ऐकत होतो.

"म्हणून तर विचारतोय!" साडू ओरडले.

"आप्पांनी विचारलं नाही, आईनं नाही, ताईनंसुद्धा नाही. तुम्ही विचारलंत." मला वाटतं ती रडत होती, पण मग जे बोलली त्यात हसू होतं. "येते मी. हॉलमधली म्हैस तेवढी काढा."

साडूंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि तोंड काचेकडे फिरवलं. तोवर पलीकडे आप्पा आले होते. "जावईबापू, तुम्ही समक्ष हजर असताना हे विचारलं कसं गेलं?"

"हॅलो? हॅलो? आप्पा, लाईन खराब आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवून दिला. लाईन त्या दिवशी इतकी स्वच्छ होती की मागे मिरजेच्या घड्याळाचे ठोके ऐकू येत होते.

दार उघडलं तर समोर ते पंजाबी आजोबा. मराठीचा गंध नाही, पण इतक्या रविवारांनंतर त्यांना सगळं कळत होतं. "क्या बोली?"

"आ रही है जी," साडू म्हणाले.

"तो चलो, अब हमें भी करने दो, यार," असं म्हणून त्यांनी साडूंची पाठ थोपटली आणि आत शिरले.

पुढे सगळं रीतसर झालं. पत्रिका छापल्या, लग्न झालं, द्वारकेत इमारत उभी राहिली, मेव्हणी तिथल्या एका शाळेत शिकवायला लागली. साडूंना त्या दिवसापासून विचारायची सवय जडली ती जडलीच. नोकरी बदलायची असो नाहीतर आमटीत गूळ घालायचा असो, "तिला विचारून सांगतो." ऑफिसातले हसायचे, आणि साडू अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे लाजायचे. आता आमच्या मार्केटात तो बूथ नाही, तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. मी तिथून जाताना उगाच थांबतो आणि एखादं कव्हर हातात घेऊन बघतो.

पण त्या रविवारचा शेवटचा भाग साडूंना ठाऊक नाही. मी घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत बसली होती. मी सगळा प्रकार साडूंचा आवाज काढून रंगवून सांगितला. ती खूप हसली. मग तिच्या बहिणीचं ते बोलणं मी जसंच्या तसं सांगितलं, आणि तिचा हात थांबला.

"सगळ्यांच्या देखत विचारलं त्यांनी?"

"सगळ्या मिरजेच्या देखत."

ती हातातली तीच काडी खुडत राहिली, तिची पानं केव्हाच संपली होती. "मी होच म्हटलं असतं हो," ती म्हणाली. "पण कुणी विचारलं असतं, तर बरं वाटलं असतं."

मी चपला काढून तिच्यासमोर खाली बसलो. म्हटलं, "मग आता विचारतो. आवडतं का तुला इथं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. बाहेर आमच्यासारखीच पिवळी क्वार्टरं, त्यांच्या गॅलऱ्यांतून वाळणारे कपडे. "आता काय विचारता," ती म्हणाली, आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. आम्ही दोघं बराच वेळ मेथी निवडत बसलो. मग मान वर न करता ती म्हणाली, "पुढच्या रविवारी त्यांना जेवायलाच बोलवा. काय आवडतं, ते आधी विचारा मात्र."