शेवटचा अर्धा तास

विनोदी सिनेमा शेवटच्या अर्ध्या तासाआधीच संपतो, असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर सगळी पात्रं कुठल्यातरी गोदामात जमतात, एकमेकांच्या मागे धावतात, कुणाच्या तरी डोक्यावर रंगाचा डबा पडतो आणि ज्याने इतका वेळ हसवलं तोच हात जोडून रडायला लागतो. मला ते बघवत नाही. म्हणून मी आणि माझा मोठा भाऊ गोदाम दिसलं की टीव्ही बंद करायचो. रिमोट ज्याच्या हातात असेल त्याने म्हणायचं, "आलं गोदाम!" आणि बंद. आई पडवीत सुपारी सोलता सोलता ओरडायची, "अरे, पुढे काय झालं त्या मेल्याचं?" आम्हाला कधीच माहीत नसायचं.

शाळेत मी इंग्रजी बोलायचे, आमच्या गावात, बोर्लीत, मराठी, आणि दोन्हीकडे कमीच. दादाशी मात्र तोंड उघडायचं. माझी रॉकची गाणी त्याला मीच ऐकवली. गिटारच्या गोंगाटाखाली गायकाचा आवाज दबलेला असावा, शेजारच्या खोलीत कुणी स्वतःशीच बोलतंय असा. तशी गाणी मला आवडतात. बँडला गर्दी जमायला लागली की तो आवाज वर येतो आणि मला नकोसा होतो.

"तुझं असंच," दादा म्हणायचा. "दुसऱ्या कुणाला आवडलं की तुझं आवडणं संपलं."

खरं होतं ते.

गेल्या वर्षी त्याचं लग्न झालं. वहिनी तळा गावची. हसरी, मोकळी. आईशी ती आठवड्यात जेवढं बोलली तेवढं मी वर्षभरात बोलले नसेन. ती खडूस असती तर मला फार सोपं गेलं असतं.

एका रविवारी जेवणं झाल्यावर आमचा सगळ्यात आवडता सिनेमा लागला. त्यात घरचे ज्याला मेला समजतात तो माणूस स्वतःच्याच तेराव्याला पाहुणा म्हणून जेवायला येतो. दादाच्या शेजारी, माझ्या जागेवर, वहिनी बसली होती. मी खुर्ची ओढली. हसू आलं की ती दादाच्या दंडावर चापट मारायची, आणि तो पुढच्या चापटीसाठी दंड तिथेच ठेवायचा.

गोदाम आलं. रिमोट दादाकडे होता. मी वाट बघितली.

"आलं गोदाम," शेवटी मीच म्हटलं.

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"काही नाही गो, आमचं एक येडेपण होतं," दादा म्हणाला. "आज बघूया पुढे."

होतं.

धावपळ झाली, रंगाचा डबा पडला. मग एका हवालदाराने त्या माणसासमोर त्याचाच हार घातलेला फोटो धरला. हवालदाराने तोंड उघडायच्या आत दादा हसला. वहिनीनेही पदर तोंडाला लावला. मी पडद्याकडे नाही, त्या दोघांकडे बघत होते, म्हणून कळलं. विनोद त्यानंतर आला. फोटो निरखून तो माणूस म्हणतो, "पाहिल्यासारखा वाटतो. पण माणूस काही बरा नव्हता."

म्हणजे हा शेवट दोघांनी आधीच बघितला होता. लग्न ठरल्यावर दादा दर रविवारी तळ्याला जायचा, तेव्हाच कधीतरी.

"कसा वाटला?" त्याने विचारलं.

"लांबवलाय."

शेवट चांगला होता. तेच जास्त लागलं.

"अगं, तू कानात घालून काय ऐकतेस ते लाव ना," वहिनी म्हणाली. "हे म्हणतात, तुझी गाणी वेगळीच असतात."

मी माझ्या आवडत्या बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं, मला मुळीच न आवडणारं. वहिनीने पायाने ठेका धरला. "मस्त आहे की!"

"हे नको गो," दादा म्हणाला. "ते लाव, तुझं. ते हळू सुरू होतं ते."

"ते फोनमध्ये नाहीये आता."

होतं. फोनच्या त्याच पडद्यावर, खालच्याच ओळीत. दादाने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," एवढंच म्हणाला.

ते गाणं मी आता एकटीच ऐकते. ते त्याच्या लक्षात होतं, याचा आनंद होतो. त्याने तिला ते ऐकवलं नसेल ना, ही धास्तीही असते. अजून तरी वहिनीला ते गुणगुणताना ऐकलेलं नाही. मी लक्ष ठेवून आहे.